पुलाखालची लाट

आधी आवाज आला. रस्त्यावर ट्राम, सायकली, संग्रहालयाबाहेरची गर्दी, आणि या सगळ्याच्या खालून पाण्याचा घुमणारा आवाज. मी लेकीचा हात धरून थांबले. म्हटलं, "अगं, हा सांडव्याचा आवाज आहे." ती हसली. "आई, बाग दाखवायला आणलंय तुला, धरण नाही." पण तिनं मुद्दामच त्या टोकाकडून सुरुवात केली होती. चौतीस वर्षं आईनं घरी कशाच्या गप्पा मारल्या ते तिला ठाऊक आहे.

म्युनिकमधल्या प्रिन्त्सरेगेन्टन रस्त्यावरचा तो पूल. शहराच्या पोटातून, बांधीव भुयारातून येणारा आयझबाख नावाचा प्रवाह इथे उघड्यावर येतो आणि पुलाखालून बाहेर पडल्या पडल्या त्याची लाट तेव्हा उभी राहायची. मीटरभर उंच, बाराएक मीटर रुंद, या काठापासून त्या काठापर्यंत. समुद्राची लाट येते, फुटते, विरते. ही विरत नव्हती. पाणी पुढे धावत होतं आणि लाट मात्र जागच्या जागी. तिच्यावर काळे रबरी सूट घातलेली मुलंमुली फळीवर उभी राहून या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरसर जात होती. एक पडला की पाणी त्याला दूर घेऊन जायचं, दुसरी उडी घ्यायची. दोन्ही काठांवर रांगा. पडलेला मुकाट्यानं बाहेर येऊन रांगेच्या शेवटी उभा राहायचा. धक्काबुक्की नाही, "माझा नंबर" नाही.

जून-जुलै २०२४ असे दोन महिने मी लेकीकडे होते. राजवाडे, चर्च, जुन्या चौकातलं नाचत्या बाहुल्यांचं घड्याळ, सगळं पाहिलं आणि आवडलं. पण परत परत गेले ती या एकाच बागेत. इंग्लिशर गार्टन तिचं नाव. लेक-जावई कामावर आणि नात शाळेत गेली की मी डबा आणि वही घेऊन निघायची.

वहीचं सांगते. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. साहेब लोक पेन्सिलीनं नकाशा काढायचे, त्यावर आम्ही ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचो आणि रोट्रिंगच्या पेनानं शाईत उतरवायचो. मग अमोनियाचे प्रिंट निघायचे, डोळे चुरचुरायचे. कालव्याचे किती क्रॉस सेक्शन काढले याला गणती नाही. बेड लेव्हल म्हणजे तळ, फुल सप्लाय लेव्हल म्हणजे भरल्या पाण्याची पातळी, फ्री बोर्ड म्हणजे पाण्याच्या वर राखलेला काठ, लायनिंग म्हणजे तळाला-काठांना लावलेलं अस्तर. आयुष्यभर पाणी मी असं बाजूनं कापून पाहिलं. कागदावर ते एक उलटा त्रिकोण आणि एक सरळ रेघ असतं.

घरात मात्र पाणी म्हणजे धसका. पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ ला आई पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात होती आणि मी तिच्या पोटात. दादा पाच वर्षांचा. पाणी जिना चढत वर आलं ते तो अजून सांगतो, दर वेळी तितकंच सावकाश. वाडा गेला आणि आम्हाला सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घर मिळालं. नदीपासून लांब, म्हणून आईला हायसं वाटलं. पण घराच्या मागे आंबील ओढा होता. कात्रजच्या डोंगरातून येतो, दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. तेव्हा त्याला पाणी असायचं, खेकडे असायचे. आई ओरडायची आणि आम्ही उतरायचो. पुढे तो नाला झाला. शाळेतून यायचा रस्ता तोच राहिला, फक्त तिथून जाताना नाकाला पदर लावायची सवय लागली. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याचं पाणी दादाच्या घरात शिरलं, कमरेएवढं.

हे सगळं घेऊन मी त्या पुलावर उभी होते.

ती लाट पाहिली आणि पहिल्या मिनिटात कळलं, हा हायड्रॉलिक जंप आहे. उतारावरून उथळ पाणी वेगानं येतं, पुढे संथ आणि खोल पाणी असतं. धावतं पाणी त्याच्यावर आदळतं आणि उसळून उभं राहतं. धरणाच्या सांडव्याखाली ही उसळी आम्ही मुद्दाम घडवून आणतो, कारण तिच्यात पाण्याचा जोर जिरतो. नाहीतर ते खालचा तळ खणून काढेल. त्यासाठी तळात काँक्रीटचे ठोकळे बसवतात. इथेही पाण्याचा जोर मोडायला तळाशी ठोकळेच बसवलेले आहेत. म्हणजे कुणा अभियंत्यानं पाण्याला शांत करायला जे केलं, त्यातून ही लाट निघाली. १९७० च्या दशकात पोरांनी ती हेरली, त्यावर फळ्या टाकल्या. अनेक वर्षं हे नियमाबाहेरच चाललं होतं. २०१० मध्ये परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. काठावर बसून वहीत त्या लाटेचा एल सेक्शन, म्हणजे लांबीतला उभा छेद काढला. पूल, तळाचा उतार, ठोकळे, उसळी, पुढची पातळी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात विसरलेला नाही, याचा मला आनंद झाला. नजरेनं वेग पकडला, रुंदी धरली, तर सात-आठशे क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी असावं असा अंदाज आला. तो खाली लिहिला.

शेजारी रांगेत उभा असलेला एक पंचविशीचा मुलगा वाकून बघत होता. त्याच्या केसांतून पाण्याचे थेंब टपकत होते, म्हणून तो वही भिजू नये इतक्या अंतरावर थांबला होता. मी वही त्याच्याकडे वळवली. त्यानं चित्र दोनदा नीट पाहिलं, बोट सुटाला पुसलं आणि लाटेच्या बरोबर खाली ठेवून मान हलवली. चुकलंय. मी पेन्सिल दिली. त्यानं तळाशी एक तिरकी रेघ काढली, वरच्या बाजूला उचललेली. मग तळहात तिरका धरून दाखवलं: फळी. लाकडाची फळी पाण्याखाली आहे, तिच्यावरून पाणी वर चढतं आणि म्हणून लाट अशी गुळगुळीत उभी राहते. मी तळ सरळ धरला होता. त्याची रेघ बघताच उसळीचा आकार माझ्याही लक्षात आला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नाही. पण सेक्शन त्याला वाचता येत होता, कारण तो रोज त्याच्या आतून जायचा. त्याचा नंबर आला, पेन्सिल परत दिली आणि गेला. त्या रेघेवर पाण्याचा एक थेंब पडून शिसं थोडं पसरलंय. ते पान मी जपून ठेवलंय.

लाटेच्या पुढे बाग सुरू होते. सुरू होते म्हणजे काय, कुठे सुरू झाली ते समजतच नाही. फाटक, तिकीट, शिट्टी वाजवणारा रखवालदार, काही नाही. "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी मी सवयीनं शोधली. सगळी मंडळी हिरवळीवरच होती. ३७५ हेक्टर जागा आहे. पुण्यातल्या आपल्या एम्प्रेस गार्डनचे ३९ एकर धरले तर तशा जवळजवळ चोवीस बागा. आत ७८ किलोमीटरच्या वाटा आणि शंभराच्या वर लहानमोठे पूल. पूल एवढे, कारण पाणी एवढं. आयझबाख फुटून त्याचे फाटे होतात, ते बागेतून वळत जातात आणि शेवटी इझार नदीला मिळतात. त्यांतलं बरंचसं मुळात नदीतून काढून आणलेलं पाणी. आपल्या भाषेत पाटच. पण पाटासारखा एकही सरळ नाही. वळणं अशी की मला दोन दिवस ते नैसर्गिक ओढेच वाटले.

बागेचा जन्म १७८९ चा. तिकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली तेच वर्ष. आपल्याकडे शनिवारवाड्यात पंधरा वर्षांचे सवाई माधवराव आणि कारभार नाना फडणवीसांचा. बव्हेरियाचा सत्ताधीश (इलेक्टर) कार्ल थिओडोर, त्याची ही शिकारीची जागा. ती लोकांसाठी बाग करा असं त्याच्या गळी उतरवलं बेंजामिन थॉम्पसन या माणसानं, पुढे काउंट रम्फर्ड म्हणून ओळखला गेलेला. जन्म अमेरिकेतला, तिथल्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं राहिलेला, मग बव्हेरियाच्या सैन्याची व्यवस्था लावायला आलेला. सैनिकांना रिकाम्या वेळात भाजी पिकवायला लावली, शहरातल्या गरिबांसाठी सातू, वाटाणे आणि बटाट्याचं सूप शिजवलं. म्युनिकमध्येच तोफांच्या नळ्या कोरताना धातू इतका तापतो की भोवतीचं पाणी उकळतं, हे बघून उष्णता हा काही पदार्थ नाही, ती गती आहे, असं त्यानं १७९८ मध्ये मांडलं. हे आम्ही डिप्लोमाला शिकलो होतो. त्याचं नाव बागेच्या पाटीवर भेटेल असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बागेला रूप दिलं ते स्केल नावाच्या उद्यानकारानं, आणि १७९२ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली.

एक टेकडी आहे, वर खांबांचं गोल मंदिरासारखं बांधकाम, १८३६ चं. टेकडी भराव घालून केलेली, पंधराएक मीटरची. पुण्यात तळजाई टेकडीवर रोज चढणाऱ्या बाईला ती दोन मिनिटांची. पण वरून शहराचे मनोरे झाडांवर तरंगल्यासारखे दिसतात आणि उतारावर लोक नुसते पडलेले असतात. काही कुरणांवर अंगावर कपडे न घालता ऊन खाणारे लोकही असतात, लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी कुणाकडे बघत नाही. मीही बघितलं नाही.

रविवारी सगळे मिळून चिनी मनोऱ्याला गेलो. लाकडी, २५ मीटर उंच. मूळ मनोरा १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, १९५२ मध्ये तसाच पुन्हा उभारला. वरच्या मजल्यावर बँडवाले पितळी वाद्यं वाजवत होते आणि खाली चेस्टनटच्या सावलीत सात हजार माणसं बसतील एवढी बाकं. बिअरची जागा, पण खाणं घरून आणलेलं चालतं. १८१२ साली बव्हेरियाच्या तेव्हाच्या राजानं बिअर बनवणाऱ्यांना बिअर थेट विकायला परवानगी दिली आणि पावाखेरीज खाणं विकायला मनाई केली, तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. मी दशम्या, लसणाची चटणी आणि कोथिंबीर वडी नेली होती. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, ही पाटी मनात घेऊन वाढलेली मी, डबा उघडताना आधी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या आजीबाईंनी टेबलावर कापड अंथरलं, सुरी काढली आणि एक भलामोठा पांढरा मुळा. तो त्यांनी फिरवत फिरवत असा चिरला की अखंड झिरमिळ्यांची माळ झाली. वर मीठ भुरभुरलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. लेकीनं विचारून सांगितलं, "त्या म्हणतात, मुळा रडेपर्यंत थांबायचं." आपण पाणी सुटू दे म्हणतो. थांबलो. मग त्यांनी मला मुळा दिला आणि मी त्यांना वडी. त्यांनी तीन खाल्ल्या, कृती विचारली. बेसन म्हणजे काय हे सांगायला लेकीला पाच मिनिटं लागली.

सगळंच काही सुखाचं आहे असं नाही. तळ्याच्या पलीकडे बागेला मध्येच कापत एक मोठा रस्ता जातो, शहराभोवतीच्या वर्तुळाकार मार्गाचा तुकडा. १९६० च्या दशकात काढला. पादचारी पुलावर उभं राहिलं की खाली गाड्यांचा नुसता लोंढा, आणि दोन्हीकडची झाडं एकमेकांकडे बघत उभी. तो जमिनीखाली घ्यावा अशी मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायच्या गोष्टी निघतात तेव्हा मला आता तो पूल आठवतो. एकदा टेकडी कापली की जोडायला काय काय करावं लागतं, ते तिथल्या लोकांना विचारायला हवं.

लेकीनं एका शनिवारी शहराच्या दक्षिणेला नेलं, इझार नदीवर. २००० ते २०११ या काळात तिथल्या आठ किलोमीटरच्या पात्राचा त्यांनी जुना बांधीव काठ काढून टाकला. पात्र रुंद केलं, गोटे टाकले, काठ उतरते केले, नदीला स्वतःची वळणं घेऊ दिली. आणि हे पूर अडवण्यासाठीसुद्धा केलं, कारण रुंद पात्रात जास्त पाणी मावतं. मी गोट्यांवर बसले होते आणि डोळ्यांपुढे माझे सगळे ट्रेसिंग क्लॉथ येत होते. लायनिंगची ती जाड रेघ मी किती ठिकाणी काढली असेन. कालव्याला ती लागतेच, गळती थांबवायला हवी. पण नदीला? ओढ्याला? हा प्रश्न मी नोकरीत असताना एकदाही कुणाला विचारला नाही. मोठ्यानं तर नाहीच.

मग २५ जुलै आला. गुरुवार. सकाळी सहाला उठले तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजले होते आणि फोन निरोपांनी भरला होता. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग, सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी. ऑफिसमधली माझी मैत्रीण तिथेच तळमजल्यावर राहते. तिचा फोन लागेना. व्हिडिओत बोटी दिसत होत्या. दादाचा मात्र आला. "ओढा भरून वाहतोय, पण घरात नाही आलं. तू काळजी करू नकोस." त्याचा आवाज पाच वर्षांच्या मुलाचा होता.

मैत्रिणीचा निरोप दुपारी आला. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहे, सुखरूप आहे, घरातलं सगळं गेलं. मी घरात बसू शकले नाही. बागेत गेले. लाटेकडे नाही, तो आवाज त्या दिवशी सहन झाला नसता. आत खूप चालत गेल्यावर एक लहान फाटा आहे, घोट्याएवढा, दोन्हीकडून गवत थेट पाण्यात उतरलेलं. एक बाप आपल्या लहान मुलीला दोन्ही हात धरून पाण्यात उभी करत होता. ती पाय वर घ्यायची, तो पुन्हा टेकवायचा. आयझबाखमध्ये पोहायला तेव्हा मनाई होती, पाट्या होत्या, तरी पलीकडे तरुण मंडळी धारेत झोकून देत होती. पाणी त्यांना लांब खाली नेतं आणि मग ती ओल्या अंगानं ट्राममध्ये बसून परत येतात. इथे मात्र पाणी शांत होतं.

मी चपला काढल्या, साडी थोडी वर खोचली आणि काठावर बसून पाय आत सोडले. आल्प्समधून आलेलं पाणी, जुलैतही हाडापर्यंत गार. पहिल्यांदा पाय आपोआप वर आले. मग ठेवले. तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते, एकेकाच्या कडेनं पाणी कसं वळतं तेही. ओढ्यात पाय घालून बसले त्याला पन्नास-बावन्न वर्षं झाली असतील. मी रडले. मैत्रिणीच्या घरासाठी, आणि बरंच जुनंही काही असेल. त्या मुलीचा बाप थोडा पुढे सरकून पाठ करून उभा राहिला, मुलीला पलीकडचं बदक दाखवत. त्याचं ते वळणं मी विसरणार नाही.

संध्याकाळी नातीनं विचारलं आयझबाख म्हणजे काय ते माहीत आहे का आजी? बर्फाचा ओढा. तुमच्या ओढ्याचं नाव काय? सांगितलं, आंबील. मग आंबील म्हणजे काय ते सांगावं लागलं, म्हणून दुसऱ्या दिवशी नाचणीचं पीठ आंबवून केली. तिनं वाटीभर संपवली.

ऑगस्टमध्ये परत आले. आधी मैत्रिणीकडे चार दिवस गेले, भिंतींची ओल जात नव्हती. मग दादाकडे. मागच्या दारी आता सीमाभिंत आहे, तिच्यावरून वाकलं की ओढा खाली दिसतो, काळा, संथ, काठाला अडकलेल्या पिशव्या. मी वही काढली. म्युनिकच्या लाटेच्या पुढच्या पानावर आंबील ओढ्याचा क्रॉस सेक्शन काढला. आजचा नाही. १९७० च्या आसपासचा, जसा आठवतो तसा. आमच्या घराची मागची पायरी, उतार, करंजाचं झाड, पात्र, पलीकडचा बांध. पाण्याची पातळी धरली गुडघ्याएवढी. आम्ही खाली उतरायचो ती वाट कुठे होती ते मात्र नक्की होईना. दोन ठिकाणी काढून खोडली.

दादा चहा घेऊन आला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं वही डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "इथे नाही," म्हणाला, "करंजाच्या अलीकडे. आणि तीन दगड होते, तिसरा हलायचा." आणि त्यानं तीन दगड काढले.